हळदीचा दावा आणि खोडलेले वाक्य

(गुरुजी स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



ज्या शाळेत मी पाटीवर पहिले अक्षर गिरवले, त्याच शाळेत गुरुजींच्या स्मरणार्थ बोलण्यासाठी आज आपण मला उभे केलेत, याबद्दल मी संस्थेचा मनःपूर्वक ऋणी आहे. मी येथे आलो तेव्हा गोव्यावर पोर्तुगीजांचा अंमल होता आणि ही शाळा देवळाच्या अग्रशाळेत भरत असे. शाळेला घंटा नव्हती; देवळाची घंटा हीच शाळेची घंटा. त्या अग्रशाळेत गुरुजींनी आम्हांला मराठी शिकवले. त्यांचा एक प्रश्न ठरलेला असे. वाक्य वाचून झाले की ते विचारीत, “यातला ‘च’ कुठे आहे, सांगा.” ‘रामाने फळ खाल्ले’, ‘रामानेच फळ खाल्ले’ आणि ‘रामाने फळच खाल्ले’ ही तीन वाक्ये त्यांच्या लेखी तीन वेगळी जगे होती. एका अक्षराने वाक्याची सीमा कशी सरकते, हे मी पुढे विद्यापीठात नव्हे, तर त्या अग्रशाळेतच शिकलो.

आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना आश्चर्य वाटले असेल. मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने संत वाङ्मयावर बोलावे, फार तर व्याकरणावर बोलावे. पेटंटच्या दाव्यांशी त्याचा काय संबंध? माझे उत्तर असे की पेटंटचा दावा हे प्रथमतः एक वाक्य आहे. ते वाक्य कोणी तपासले, कोणी खोडले, त्याविरुद्ध अपील झाल्यावर त्याचे काय झाले आणि शेवटी छापील कागदावर काय उरले, हा भाषेच्या अभ्यासकाचाही विषय आहे. शिवाय या विषयाशी गुरुजींचे आणि माझे एक जुने देणेघेणे आहे. ते मी शेवटी सांगणार आहे.

१

प्रथम दावा म्हणजे काय, ते पाहू. पेटंटच्या कागदपत्राचे ढोबळमानाने दोन भाग असतात. पहिल्या भागात शोधाचे वर्णन असते; ते कितीही लांब असू शकते. दुसऱ्या भागात क्रमांक दिलेले दावे असतात. हक्क मिळतो तो वर्णनाला नव्हे, दाव्यांना. शेताचे वर्णन कितीही सुंदर केले तरी मालकी ठरते ती बांधावरून. दावे हे पेटंटचे बांध आहेत. अमेरिकेतील प्रथेनुसार प्रत्येक दावा एकाच वाक्यात लिहावा लागतो. किंबहुना ‘आम्ही पुढील गोष्टींवर हक्क सांगतो’ असे एकच क्रियापद आरंभी असते आणि पुढचे सगळे दावे त्या क्रियापदाची कर्मे असतात.

या वाक्यांत ‘च’ आणि ‘ही’ यांचा खेळ फार महत्त्वाचा असतो. ‘ज्यात अमुक घटक आहेत’ अशी रचना केली तर इतर घटक असलेली वस्तूही दाव्याच्या आत येते. हा ‘ही’चा दावा. ‘जे अमुक घटकांचेच बनलेले आहे’ अशी रचना केली तर बांध आत सरकतो. हा ‘च’चा दावा. शिवाय काही दावे स्वतंत्र असतात, तर काही आश्रित. ‘पहिल्या दाव्यातील पद्धत, जीत औषध पोटात दिले जाते’ असा दुसरा दावा असेल, तर त्यात पहिल्याचा सगळा मजकूर गृहीत धरलेला असतो. आपल्या समासात पूर्वपद नाहीसे केले तर उत्तरपद लंगडे होते, तशी या आश्रित दाव्यांची स्थिती आहे. हा मुद्दा लक्षात ठेवावा; त्याचा उपयोग पुढे होणार आहे.

२

आता हळदीकडे वळू. अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला २८ मार्च १९९५ रोजी ५४०१५०४ क्रमांकाचे पेटंट मिळाले. संशोधक दोघेही भारतीय वंशाचे होते. दावे एकूण सहा. पहिल्या दाव्याचा आशय असा की रुग्णाला परिणामकारक प्रमाणात हळदीची पूड देऊन जखम भरून येण्यास मदत करण्याची पद्धत आमची आहे. बाकीचे दावे त्याच्या आश्रयाने उभे होते: हळद पोटात देणे, वरून लावणे, शस्त्रक्रियेची जखम असणे, व्रण असणे इत्यादी.

आपल्याकडे बोट कापले की हळद दाबतात. हे सांगण्यासाठी ग्रंथ उघडावा लागत नाही. परंतु परकीय कार्यालयापुढे ‘आमच्याकडे हे सगळ्यांना ठाऊक आहे’ हे विधान पुरावा ठरत नव्हते. अमेरिकेत १९८०च्या कायद्याने फेरपरीक्षणाची सोय झाली. दिलेले पेटंट पुन्हा तपासावे अशी मागणी कोणीही, केव्हाही करू शकतो. मात्र तिचा आधार आधीची पेटंटे आणि छापील प्रकाशने एवढाच असावा लागतो, आणि त्या आधारातून पेटंटयोग्यतेविषयी नवा आणि भरीव प्रश्न उभा राहावा लागतो. आजीची साक्ष चालत नाही. वैद्यबुवांचे शपथपत्र एकट्याने पुरत नाही. छापलेला, तारीख असलेला, लोकांना उपलब्ध असलेला कागद लागतो.

भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने असे कागद गोळा केले. त्या वेळी परिषदेचे महासंचालक होते डॉ. रघुनाथ माशेलकर. ते आपल्या माशेलचे, हे या सभागृहात वेगळे सांगायला नको. संस्कृत, उर्दू, हिंदी अशा भाषांतील जुने आधार शोधले गेले. त्यांची संख्या बत्तीस होती, आणि १९५३ साली भारतीय वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात आलेला एक लेखही त्यांत होता. २८ ऑक्टोबर १९९६ रोजी फेरपरीक्षणाचा अर्ज दाखल झाला.

पेटंटधारकांचा युक्तिवाद मोठा लक्षणीय होता. जुन्या ग्रंथांत हळदीचा लेप आहे, आमच्या दाव्यात पूड आहे. दोहोंचे गुणधर्म आणि शरीरात शोषले जाण्याची रीत वेगळी, असे त्यांनी मांडले. हा ‘च’चाच वाद झाला. जुन्या उपचारांत हळदीबरोबर तूप, मध, चुना असे काही ना काही असते. म्हणून हळद एकटीच वापरल्याचा किंवा पूड आणि लेप यांतला फरक जाणकाराला सहज ओलांडता येण्याजोगा असल्याचा आधार दाखवणे आवश्यक होते. परीक्षकांनी तो फरक मान्य केला नाही. ऑगस्ट १९९७मध्ये सहाही दावे नाकारले गेले आणि २१ एप्रिल १९९८च्या प्रमाणपत्राने ते रद्द झाले. हे प्रकरण अपील मंडळाच्या निर्णयापर्यंत गेले नाही.

बासमतीचे प्रकरण याहून वेगळे. टेक्सासमधील राइसटेक कंपनीला २ सप्टेंबर १९९७ रोजी मिळालेल्या पेटंटमध्ये वीस दावे होते. एप्रिल २०००मध्ये भारताच्या वतीने फेरपरीक्षण मागितले गेले ते त्यांपैकी तीनच दाव्यांचे. त्याच वर्षी कंपनीने चार दावे स्वतःहून सोडले. पुढे कार्यालयाने आणखी प्रश्न उभे केले तेव्हा आणखी अकरा गेले. जानेवारी २००२च्या प्रमाणपत्रानंतर पाच दावे उरले, तेही विशिष्ट वाणांपुरते. आणि शीर्षकातला ‘बासमती’ हा शब्द गेला. आपल्याकडे वर्तमानपत्रांनी हळदीच्या वेळी ‘आपण जिंकलो’ असे लिहिले, बासमतीच्या वेळी कोणी ‘जिंकलो’ लिहिले, कोणी ‘हरलो’. दोन्ही मथळ्यांत एक चूक होती. पेटंट ही एक अखंड वस्तू आहे असे त्यांनी धरले. वस्तुतः कार्यालय दावा-दावा वेगळा वाचते. वीसपैकी पंधरा पडले आणि पाच उभे राहिले, हे एकच सत्य आहे. त्याला विजय किंवा पराभव असे एकच नाव देता येत नाही.

३

परीक्षकाने दावे अंतिमतः नाकारले तर पुढे काय? येथे अपिलाचा टप्पा येतो. पहिली गोष्ट अशी की या प्रकारच्या फेरपरीक्षणात अपील करण्याचा अधिकार फक्त पेटंटधारकाला असतो. ज्याने फेरपरीक्षण मागितले, तो त्रयस्थ. परीक्षकाने दावे कायम ठेवले तर त्याला मंडळाकडे जाता येत नाही. दार वाजवण्याचा हक्क सर्वांना, परंतु ओसरीवर बसून वाद घालण्याचा हक्क घरधन्यालाच, असा हा प्रकार आहे.

अपील ऐकणाऱ्या मंडळात किमान तीन सदस्य बसतात. त्यांचा निर्णय चार-पाच प्रकारांचा असू शकतो. परीक्षकाचा नकार ते कायम करू शकतात. तो उलटवू शकतात. मग ते दावे सामान्यतः तरतात. काही दाव्यांपुरता कायम आणि काहींपुरता उलट, असा संमिश्र निर्णयही होतो. परीक्षकाला न सुचलेले नकाराचे नवे कारण मंडळ स्वतः देऊ शकते. तसे झाल्यास पेटंटधारकाला एक निवड करावी लागते: दाव्यात दुरुस्ती करून किंवा नवा पुरावा देऊन प्रकरण परीक्षकापुढे पुन्हा उघडावे, अथवा आहे त्याच आधारावर मंडळाला फेरविचाराची विनंती करावी. आणि काही वेळा अधिक खुलाशासाठी मंडळ प्रकरण परीक्षकाकडे परत पाठवते.

मंडळाच्या निर्णयाविरुद्ध संघीय अपील न्यायालयात जाता येते. त्यासाठी सुमारे दोन महिन्यांची मुदत असते. ही मुदत संपेपर्यंत, किंवा न्यायालयात गेले असल्यास तेथील कामकाज संपेपर्यंत, दावा रद्द होत नाही. हा मुद्दा सामान्य वाचकाच्या नजरेतून हमखास निसटतो. परीक्षकाने ‘नाकारले’ म्हटले, मंडळाने ‘कायम’ म्हटले, तरी पेटंटमधील ते वाक्य अजून कायद्याने जिवंत असते. ते मरते ते शेवटच्या प्रमाणपत्राने.

आणखी एक मर्यादा ध्यानात घ्यावी. या साऱ्या प्रवासात पेटंटधारकाला दावा आकुंचित करता येतो, विस्तारता येत नाही. बांध आत घेता येतो, शेजाऱ्याच्या शेतात सरकवता येत नाही. दुरुस्तीची ही मुभा आहे म्हणूनच कार्यालय दाव्यातील शब्दांचा वाजवी मर्यादेत जितका व्यापक अर्थ होईल तितका घेऊन तपासते. शब्द संदिग्ध असेल तर तो लिहिणाऱ्याने सुधारावा, अशी अपेक्षा असते. मात्र मंडळाच्या निर्णयानंतर दुरुस्ती करण्याचा सरसकट हक्क उरत नाही. उत्तरपत्रिका परत घेतल्यावर उत्तर बदलू द्या म्हणणारा विद्यार्थी गुरुजींना मान्य नव्हता, तसेच हे.

४

अपिलाचा हा सारा मार्ग ज्याने पार केला, असे एक प्रकरण सांगतो. ते आपल्या देशातले नाही, परंतु हळदीचेच मावसभावंड आहे. अमेरिकेतील कोलोराडो राज्यातल्या एका बियाणे व्यावसायिकाने १९९४ साली मेक्सिकोत सुक्या घेवड्याची एक पिशवी विकत घेतली. आपल्याकडे ज्याला राजमा म्हणतात, त्याच जातीचे हे दाणे. त्यांतले पिवळे दाणे त्याने वेगळे काढले, पेरले, काही हंगाम निवड करीत वाढवले आणि पेटंटचा अर्ज केला. १३ एप्रिल १९९९ रोजी पेटंट मिळाले. वाणाचे नाव ठेवले ‘एनोला’. एका दाव्यात रंगांच्या प्रमाणित पुस्तकातील पिवळ्या छटांच्या सीमा दिल्या होत्या. म्हणजे हक्क सांगितला होता तो पिवळेपणाच्या एका पट्ट्यावर.

मेक्सिकोत असे पिवळे दाणे शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या पिकवत होते. त्यांना तेथे स्वतःची नावेही होती. परंतु पेटंट हाती येताच ते दाणे अमेरिकेत आणणाऱ्या व्यापाऱ्यांकडे दर पौंडामागे स्वामित्वधन मागितले गेले आणि खटले सुरू झाले. डिसेंबर २०००मध्ये कोलंबियातील काली येथील आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय कृषी केंद्राने फेरपरीक्षण मागितले. या केंद्राच्या बियाणे-संग्रहात घेवड्याचे हजारो नमुने जपलेले आहेत.

कायदा म्हणतो की फेरपरीक्षण विशेष त्वरेने चालवावे. प्रत्यक्षात काय झाले? परीक्षकाने दावे नाकारले. पेटंटधारक अपिलात गेला. मंडळाने नकार कायम केला तो एप्रिल २००८मध्ये. तो न्यायालयात गेला. न्यायालयाने १० जुलै २००९ रोजी मंडळाचा निर्णय उचलून धरला. विकत घेतलेले दाणे पेरावेत, एकसारखे येणारे निवडावेत, पुन्हा पेरावेत, हे त्या क्षेत्रातील कोणीही जाणकार करील, असा त्या निर्णयाचा गाभा होता.

पेटंट मिळाल्यापासून दहा वर्षे उलटली होती. मघाशी मी म्हटले की शेवटपर्यंत दावा जिवंत असतो; त्याचा अर्थ या दहा वर्षांत दिसतो. वाक्य चुकीचे आहे हे परीक्षकाला पटले, मंडळाला पटले, तरी सीमेवर माल घेऊन उभ्या असलेल्या व्यापाऱ्यापुढे ते वाक्य तसेच उभे होते. न्याय मिळाला, हे खरे. परंतु ज्या लहान शेतकऱ्याने तीन हंगामांनंतर पिवळा घेवडा पेरायचे सोडले असेल, त्याला २००९च्या निकालाची प्रत कोण नेऊन देणार?

याला दुसरी बाजूही आहे, ती न सांगणे अन्यायाचे होईल. अपिलाची पायरी नसती तर परीक्षकाच्या एका चुकीने खऱ्या संशोधकाची वर्षानुवर्षांची मेहनत बुडाली असती. दावा रद्द झाला की त्याचे परिणामही मोठे असतात. २०१३ साली अमेरिकेत मूत्रपिंडाच्या रुग्णांचे रक्त शुद्ध करणाऱ्या यंत्राचे एक प्रकरण निकालात निघाले. खालच्या न्यायालयाने पेटंटधारकाला सुमारे १ कोटी ४० लाख डॉलरची भरपाई दिली होती. परंतु खटला पूर्णपणे मिटण्यापूर्वीच फेरपरीक्षणात, अपिलाच्या सर्व पायऱ्या चढून, ते दावे रद्द झाले. तेव्हा खटल्याचा आधारच गेला असे अपील न्यायालयाने ठरवले. एका वाक्यावर एवढे ओझे असेल, तर ते खोडण्यापूर्वी तीनदा वाचले जाते, याबद्दल तक्रार करता येणार नाही. तक्रार आहे ती वाचायला लागणाऱ्या वेळाबद्दल.

५

आता जो भाग मला पाठचिकित्सेचा विद्यार्थी म्हणून सर्वांत मोलाचा वाटतो, तो सांगतो. अपील संपले की परीक्षक प्रमाणपत्र काढण्याची सूचना देतो आणि मग फेरपरीक्षणाचे प्रमाणपत्र छापले जाते. त्यात तीनच गोष्टी असतात: कोणते दावे रद्द, कोणते कायम, आणि कोणते दुरुस्त किंवा नवे. वगळलेला मजकूर जाड कंसात, घातलेला मजकूर तिरप्या अक्षरांत. दाव्यांचे मूळ क्रमांक बदलत नाहीत. नवा दावा आला तर तो शेवटच्या क्रमांकापुढे बसतो. आणि हे प्रमाणपत्र मूळ पेटंटला कायमचे जोडले जाते. मूळ पेटंट फाडून टाकत नाहीत.

यातून एक विलक्षण स्थिती निर्माण होते. समजा, पहिला दावा रद्द झाला, परंतु त्याच्या आश्रयाने उभा असलेला चौथा दावा स्वतःच्या गुणाने टिकला. नव्या अर्जात असे झाले असते, तर चौथा दावा स्वतंत्र वाक्य म्हणून पुन्हा लिहावा लागला असता. फेरपरीक्षणात तशी सक्ती नाही. कारण रद्द झालेला पहिला दावा मूळ पेटंटमध्ये छापील स्वरूपात राहिलेलाच असतो. त्याचा हक्क गेला, पण मजकूर वाचायला उपलब्ध आहे. चौथ्या दाव्याचा अर्थ लावताना तो खोडलेला मजकूर वाचायचाच असतो. म्हणजे वाक्य मेलेले, पण त्याच्या शब्दांवर दुसरे वाक्य जगते आहे.

आपल्या परंपरेकडे पाहा. एकनाथांनी शके १५०६मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. ते मराठीवरचे अपार ऋण आहे. परंतु त्यांच्या समोर कोणते पाठ होते आणि त्यांनी नेमके काय गाळले, हे आज आपल्याला निश्चित सांगता येत नाही; त्या काळी तशी नोंद ठेवण्याची रीत नव्हती. पुढे पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढली. १९१९ साली आरंभलेले ते काम १९६६ साली पूर्ण झाले. विष्णु सीताराम सुखटणकरांनी त्यात जी शिस्त घातली, ती हीच: संहितेतून वगळलेला श्लोक नष्ट करायचा नाही, तो तळटीपेत उतरवायचा; शंकास्पद शब्दाखाली नागमोडी रेघ ओढायची. खोडले ते दाखवून खोडायचे. वॉशिंग्टनजवळच्या एका सरकारी कचेरीतला परीक्षक आणि पुण्याच्या लॉ कॉलेज रस्त्याजवळचा संस्कृत पंडित एकमेकांना ओळखतही नसतील. पण प्रामाणिक वाचनाने दोघांनाही एकाच रीतीपाशी आणले.

६

श्रोतेहो, आता गुरुजींचे आणि माझे देणे.

१९७६ सालच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत गुरुजी माझ्या घरी आले. मी तेव्हा महाविद्यालयात नुकताच लागलो होतो आणि पीएच.डी.च्या प्रबंधासाठी जुन्या पोथ्यांतील पाठभेद टिपत होतो. गुरुजींच्या हातात कापडात गुंडाळलेले एक बाड होते. त्यांच्या मातोश्रींनी सांगितलेले घरगुती उपचार त्यात उतरवलेले होते. काही नोंदींपुढे शक आणि मिती होती, कोणाकडून ऐकले तेही होते. “हे तुझ्या दृष्टीने पाहा,” ते म्हणाले, “छापण्याजोगे असेल तर महाविद्यालयाच्या वार्षिकात थोडे थोडे देता येईल.” मी ते दोन महिने ठेवून घेतले. चाळले असेन, वाचले नाही. मग परत केले आणि म्हणालो, “गुरुजी, याला वाङ्मयीन मूल्य नाही.” एका पोथीतल्या काना-मात्रेसाठी चार गावे हिंडणारा मी, माझ्या हातातले बाड मी असे परत केले. गुरुजी काही बोलले नाहीत. ते बाड पुढे त्यांच्या घरच्या माळ्यावर गेले आणि काही पावसाळ्यांनंतर वाळवीने संपले.

ऑगस्ट १९९७मध्ये हळदीची बातमी आली. गुरुजी तेव्हा ऐंशीच्या पुढे होते. मी भेटायला गेलो तर वर्तमानपत्र मांडीवर घेऊन बसले होते. म्हणाले, “वाचलंस ना? बत्तीस कागद लागले म्हणे.” मग जरा थांबून म्हणाले, “आईच्या बाडात हळद किती पानांवर होती रे? तुला आठवतं का?”

मला आठवत नव्हते. त्यांनी तो विषय तिथेच सोडला आणि सुनेला चहा करायला सांगितले.

मी पुष्कळदा स्वतःचे समाधान करू पाहिले आहे. ते बाड हस्तलिखित होते. घरातल्या माळ्यावरचे हस्तलिखित म्हणजे छापील प्रकाशन नव्हे. ते राहिले असते तरी त्या फेरपरीक्षणात चालले नसते. हे कायद्याने बरोबर आहे. परंतु गुरुजींनी माझ्याकडे नेमके तेच मागितले होते: ते छाप. महाविद्यालयाच्या वार्षिकातली चार पाने म्हणजे छापील, तारीख असलेला, ग्रंथालयात मिळणारा कागद. गुरुजींना पेटंटचा कायदा ठाऊक नव्हता. त्यांना एवढेच ठाऊक होते की जे लिहिले जात नाही ते जाते, आणि जे छापले जात नाही ते लिहूनही जाते.

७

यानंतर पुष्कळ काही बदलले आहे. २००१ साली भारत सरकारने पारंपरिक ज्ञानाचे अंकीय ग्रंथालय उभारायला घेतले; संस्कृत, अरबी, फारसी, उर्दू, तमिळ ग्रंथांतील उपचार इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश आणि जपानी भाषांत उतरवून परदेशी परीक्षकांपुढे ठेवले. आपल्या पेटंट कायद्यात २००२च्या दुरुस्तीने पारंपरिक ज्ञान हा शोध मानू नये असे कलम आले. आणि येथे विरोध करताना स्थानिक समाजातील मौखिक ज्ञानाचाही आधार घेता येतो. युरोपात कडुनिंबाच्या पेटंटला विरोध झाला तेव्हा प्रत्यक्ष वापराची साक्षही ग्राह्य धरली गेली; ते पेटंट २०००मध्ये रद्द झाले आणि पेटंटधारकांचे अपील मार्च २००५मध्ये फेटाळले गेले. अमेरिकेतही २०१३पासून अन्य देशांतील सार्वजनिक वापर नव्या अर्जांच्या आड येऊ शकतो. परंतु तेथील फेरपरीक्षणाचा पाया अद्याप पेटंट आणि छापील प्रकाशन हाच आहे.

एक सावधगिरीही सांगतो. छापल्याने ज्ञान आपल्या मालकीचे होत नाही. ते दुसऱ्याच्या मालकीचे होऊ शकत नाही, एवढेच होते. छापलेली गोष्ट सर्वांची होते. म्हणून ज्याचे ज्ञान आहे त्या वैद्याला, त्या माउलीला विचारूनच ते छापावे. तिने नको म्हटले तर तो तिचा अधिकार आहे.

मुख्याध्यापकांना आणि मराठीच्या शिक्षकांना माझी एक विनंती आहे. यंदाच्या शाळेच्या वार्षिकात चार पाने राखून ठेवा. प्रत्येक विद्यार्थ्याने घरातल्या वडीलधाऱ्यांकडून एक गोष्ट विचारून आणावी: उपचार असेल, बियाणे राखण्याची रीत असेल, नागपंचमीच्या पातोळ्यांसाठी हळदीची पाने कशी निवडतात तेही असेल. सांगणाऱ्याचे नाव, गाव आणि तारीख लिहावी. भाषा त्यांचीच ठेवावी; शुद्ध करू नये. आणि एक प्रत ग्रंथालयात नोंद करून ठेवावी. हे कोणत्या कचेरीत कधी उपयोगी पडेल की नाही, मी सांगू शकत नाही. पण पुढे कोणी ‘किती पानांवर होती’ असे विचारले, तर या शाळेतल्या मुलाला माझ्यासारखे गप्प बसावे लागू नये.

ते बाड परत करताना गुरुजींपुढे मी उच्चारलेले वाक्य आज त्यांच्या स्मृतीपुढे मी मागे घेतो. ते पुसून टाकण्याचा मला अधिकार नाही. प्रमाणपत्रात छापतात तसे ते जाड कंसात राहू द्यावे: वाचता यावे, परंतु त्याचा अंमल नसावा.

 गुरुजींच्या स्मृतीस अभिवादन करून मी आपली रजा घेतो.